परक्या दारातलं पोर

आमच्या गल्लीतलं एक पोर तेराव्या वर्षी वारकरी शिक्षण घ्यायला आळंदीला गेलं. रात्रीच्या एसटीनं, बापाबरोबर, पत्र्याची पेटी घेऊन. दिवाळीला परत आलं तेव्हा आईनं विचारलं, "काय शिकलास रे?" पोर म्हणालं, "मागायला शिकलो." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी दोन म्हशी आहेत, पोराला कधी उपाशी ठेवलं नव्हतं. मग त्यानं सांगितलं, की पहिले पंधरा दिवस झोळी घेऊन दारात नुसताच उभा राहायचो. "रामकृष्णहरी" एवढं निघायचं, पुढं "माधुकरी वाढा" म्हणताना जीभ अडायची. एका म्हातारीनं भाकरी झोळीत टाकत विचारलं, कुठला रे बाळा? परळीचा म्हटल्यावर ती म्हणाली, "वैजनाथाचा का? मग उद्यापास्नं आधी माझ्या दारात येत जा."

अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाच्या पोरांबद्दल वाचताना मला हे पोर आठवत राहतं. 1830 साली जोसेफ स्मिथनं स्थापलेला हा ख्रिस्ती पंथ. त्यातली मुलं अठराव्या वर्षी दोन वर्षांसाठी घर सोडतात. कुठल्या देशात जायचं हे त्यांनी ठरवायचं नसतं, पंथाकडून कळवलं जातं. खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा. छातीवर काळी नावपट्टी, तिच्यावर नावाआधी 'एल्डर'. म्हणजे वडीलधारा, अठरा वर्षांच्या पोराला! बुद्धानं आपल्या पहिल्या भिक्खूंना सांगितलं होतं, की दोघांनी एका वाटेनं जाऊ नये. येशूनं मात्र शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं, आणि मॉर्मनांनी तेच धरलं. जोडीदाराला सोडून कुठं जायचं नाही. 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत घरी फोन करायची मुभाही वर्षातून साधारण दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला बोलता येतं. पहिल्या महिन्यांत या पोरांना सगळ्यात जड काय जातं, तर धर्मशास्त्र नव्हे. परक्या दारावर थाप मारायची आणि आतून कोण येईल याची वाट बघत उभं राहायचं, ते जड जातं.

या पंथाची माणसं आपल्याकडं फार आधी येऊन गेली आहेत. 1852 च्या सप्टेंबरात ह्यू फिंडले नावाचा तिशीतला स्कॉटिश माणूस मुंबईला उतरला, पुढं पुण्याला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक सिटीच्या सभेत आणखी काही जणांची हिंदुस्थानासाठी निवड झाली आणि 1853 च्या एप्रिलमध्ये ते कलकत्त्याला पोचले. त्यांत अ‍ॅमोस मिल्टन मसर होता, वय बावीस. कलकत्त्याहून तो मुंबईला आला, तिथून कराचीला गेला. जवळ पैसा न बाळगता निघायचं, वाटेत लोक देतील त्यावर राहायचं, ही या मंडळींची त्या काळची रीत. ज्या सभेत त्यांची निवड झाली, त्याच सभेत पंथानं बहुपत्नीत्वाचा जाहीर पुरस्कार केला होता. ती बातमी त्यांच्या मागोमाग इथं आली. वर्तमानपत्रं विरोधात गेली, पाद्री विरोधात गेले, लष्करी छावण्यांची दारं बंद झाली. ज्या थोड्यांनी त्यांना आधार दिला, ते मुख्यतः गोरे शिपाई आणि त्यांचे आप्त. मराठी बोलणाऱ्या माणसापर्यंत त्यांचं म्हणणं जवळजवळ पोचलंच नाही. चारपाच वर्षांत बहुतेक सगळे परतले.

हे अपयश का आलं? बहुपत्नीत्वाचं कारण खरं, भाषेचं त्याहून खरं. त्यांच्याआधी, दुसऱ्या पंथाचा अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल 1813 साली मुंबईत आला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. त्यानं मराठी आत्मसात केली, शाळा काढल्या, नव्या कराराचं भाषांतर केलं, आणि 1826 साली नाशिक भागात फिरतीवर असताना पटकीनं गेला. त्याच्या पिढीलाही अनुयायी फार मिळाले नाहीत, पण ती माणसं मराठीत राहिली. मला मात्र आणखी एक कारण दिसतं. पैसा न घेता निघालेली ही मॉर्मन पोरं आपल्या दारात मागायला कधी आलीच नाहीत. आली असती तर आपल्याला ओळखीची वाटली असती. झोळीवाला धर्मपुरुष आपल्याला नवा नाही.

आमच्या परळीचे संत जगमित्र नागा घ्या. महिपतींनी 'भक्तविजया'त त्यांची कथा सांगितली आहे. गावात भिक्षा मागायची, त्यावर राहायचं, भजन करायचं. आमच्याकडं जंगमही दारात येतो, आणि त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही हे लहानपणापासून शिकवलेलं असतं. देणाऱ्याला वाटतं, हा माझ्या घरचं अन्न खातो, म्हणजे मला मानतो. घेणारा देणाऱ्याचा मान वाढवतो. जो फक्त द्यायला येतो, सत्य द्यायला, मोक्ष द्यायला, तो समोरच्याला नकळत कंगाल ठरवतो. मग त्याचा धर्म कोणताही असो.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला टाळता येत नाही. झोळी सगळ्या दारांत जात नव्हती. महारवाड्यात, मांगवाड्यात कोण माधुकरी मागायला गेलं? त्या घरांचं अन्न घ्यायचंच नाही असं ज्या समाजानं ठरवलं, त्यानं त्या माणसांचा देण्याचा हक्कच काढून घेतला. भाकरी नसणं हे दुःख आहेच. पण आपली भाकरी कुणाला चालत नाही, हे दुःख त्याहून खोल जातं. अहमदनगर भागात अमेरिकन मिशनकडं वळलेल्यांत महार आणि मांग मंडळी मोठ्या संख्येनं होती, ती उगाच नव्हती. धर्मांतराबद्दल तावातावानं बोलणाऱ्या प्रत्येकानं आधी सांगावं, की आपल्या बापजाद्यांनी त्या दारात पाणी तरी मागितलं होतं का. म्हणून माधुकरीचं कौतुक करताना माझा हात जरा थबकतो. ती रीत चांगलीच. पण ती अर्ध्या गावातच फिरली.

अठरा वर्षांच्या त्या अमेरिकन पोराबद्दल मला राग येत नाही. त्याचा धर्म मला पटत नाही, तरी त्याच्याबद्दल वाटणारी काळजी खरी आहे. घरच्यांनी पैसे साठवून पाठवलेलं, खोलीचं भाडं आधीच भरलेलं. पण त्याला कुणाची भाकरी मागावी लागते का? कुठल्या म्हातारीनं त्याला "कुठला रे बाळा" विचारलं, आणि उत्तर द्यायला त्याच्याकडं तिची भाषा होती का? दोन वर्षांत तो शेकडो दारं वाजवेल. त्यातलं एक तरी दार असं मिळावं, जिथं तो सांगायचं विसरून नुसता जेवायला बसेल.

गल्लीतलं ते पोर आता विशीत आहे, गावोगाव कीर्तनं करतं. गेल्या हंगामात ते ऊसतोड्यांच्या तळावर गेलं होतं. आपल्याच जिल्ह्यातली माणसं, सहा महिने कोपीत राहणारी, सगळ्या जातींची. कीर्तन संपायला रात्र झाली. एका कोपीपुढं त्याला जेवायला बसवलं, बाजरीची भाकरी आणि ठेचा. बाई संकोचानं म्हणाली, "महाराज, आमच्याकडं एवढंच हाय." यानं ताट संपवलं आणि ते पुढं करून म्हणाला, "माय, अजून अर्धी वाढ, आणि ठेचाही." ती उठली आणि विझत आलेल्या चुलीत पाचट सारून तवा पुन्हा ठेवला.