पहिल्या सहलीची खूण

कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये पहिल्यांदा आलेल्याला मागितल्यावर ‘पहिली भेट’ असा बिल्ला फुकट मिळतो. खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात लेकराला नेणाऱ्यांनीही महागडे खेळणे घेण्याआधी आठवण म्हणून तिकीट आणि नकाशा जपावा. तिसऱ्या वर्षाआधीच्या आठवणी मोठेपणी सहसा उरत नाहीत. पण आईवडील घडलेल्या गोष्टींबद्दल मुलाशी सविस्तर बोलत राहिले तर त्याचे स्मरण पक्के होते, असे मानसशास्त्रज्ञांना आढळले आहे. वस्तूचे खरे मोल या गप्पांत आहे. दुकानासमोर मूल हट्ट करेल, त्याचे मन का मोडायचे, असे कोणी म्हणेल. मोडू नयेच! आधी रक्कम ठरवावी आणि तेवढ्यात बसणारी एक वस्तू त्यालाच निवडू द्यावी. घरी आल्यावर त्याच्याकडून सहलीचे चित्र काढून घ्या, मागे तारीख घाला, आणि अधूनमधून ते काढून त्याच्याशी बोला.