दोन इंच उंच

बँकेत कारकून म्हणून वीस वर्षं काढली की माणसाला जगाच्या दोनच बाजू दिसतात : नावे आणि जमा. त्यातून मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मोक्ष, आत्मा, जीवनाचा अर्थ असले विषय निघाले, की मी मनातल्या मनात कागदावर उभी रेघ मारतो आणि कुठल्या बाजूला काय लिहायचं ते बघत बसतो. बहुधा दोन्ही रकाने कोरेच राहतात. त्यामुळे 'मोठेपण म्हणजे काय?' हा प्रश्न मला पडायचं काही कारण नव्हतं. तो पडला आमच्या मामेभावाच्या पिकअपमुळे.

हा मामेभाऊ पारनेर तालुक्यात राहतो. कांदा पिकवतो आणि स्वतःच्याच गाडीतून नेप्तीच्या बाजारात आणतो. गाडी बोलेरो पिकअप, वय वर्षं चौदा, याच्या आधी दोन घरं करून आलेली. एका सोमवारी तो बँकेत आला, काउंटरवर कोपर टेकवलं आणि म्हणाला, "दादा, गाडी उचलायचीय."

माझ्या पोटात गोळा आला. आमच्या धंद्यात गाडी उचलणं म्हणजे हप्ते थकले की माणसं पाठवून गाडी ओढून आणणं. मी आवाज खाली आणून विचारलं, "किती हप्ते राहिलेत रे?"

"हप्ते नाही हो! उंच करायचीय गाडी. बॉडी लिफ्ट म्हणतात त्याला."

कारण विचारलं तर म्हणाला, पावसाळ्यात शेताच्या वाटेला चाकोऱ्या खोल पडतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण मला ठाऊक होतं. भावकीतल्या एकानं नवी, उंच गाडी घेतली होती, आणि एका लग्नात ती नेमकी याच्या पिकअपशेजारी येऊन उभी राहिली होती.

आता, आमच्या नगरात गाड्यांविषयी अडाणी माणूस सापडणं कठीण. (जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण जीभ जुन्या वळणाची आहे, ती नगरच म्हणते.) लष्कराच्या गाड्यांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथं, रणगाड्यांचं शिक्षण इथं, १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालयही इथंच. त्या संग्रहालयात मी पाहुण्यांना घेऊन अनेकदा गेलोय. तिथं एक गोष्ट ध्यानात येते. रणगाडा बनवणारे लोक तो होईल तितका बुटका करायला धडपडतात, कारण जो उंच तो आधी दिसतो आणि जो आधी दिसतो तो आधी गोळा खातो. पण हे ज्ञान लग्नाच्या मांडवात उपयोगी पडत नाही. तिथं न दिसणं हाच पराभव.

आम्ही दोघं एका मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री म्हणजे कळकट कपड्यांतला तत्त्वज्ञ. पान्यानं गाडीच्या पोटाखाली दाखवत तो म्हणाला, "साहेब, उंची तीन परकारची असती. पाट्यात पानं वाढवली तर चासी उचलती, वरची बॉडी तिच्यासंगं जाती, पण गाडी हाडं मोडती. दुसरं, चासी आन् बॉडीच्या मधी ठोकळे घातले तर निस्ती बॉडी उचलती. इंजन, गिअरबॉक्स, समदं जागच्या जागी. आन् तिसरं, मोठे टायर. आस उचलायचा तर तेवढा एकच इलाज."

"म्हणजे ठोकळे घातले तर पोट घासायचं थांबत नाही?"

"कसं थांबंल? पोट हाय तिथंच ऱ्हातं. डोकं वर जातं."

मी त्या माणसाकडे पाहतच राहिलो. आमच्या बँकेत मी वीस वर्षांत जे पाहिलं, ते यानं दोन वाक्यांत सांगितलं होतं.

मामेभावाचं म्हणणं, ठोकळे घालू, म्हणजे मडगार्डखाली जागा होईल आणि पुढंमागं मोठे टायर बसवू. इथं माझ्यातला पदवीधर जागा झाला. टायरचा व्यास दोन इंच वाढला तर आस एकच इंच वर जातो, कारण उरलेला इंच चाकाच्या वरच्या बाजूला असतो. म्हणजे खर्च दोनाचा आणि लाभ एकाचा. शिवाय २८ इंचांच्या जागी ३० इंचांचं चाक आलं की गाडी ६० नं धावताना काटा ५६ दाखवतो. उंच झालेल्याला आपण किती सुटलो आहोत हे कळत नाही, ते असं!

आणि एक गोष्ट मला याहून चांगली ठाऊक होती. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. कारखानदारानं नमूद केलेल्या मूळ तपशिलांत मालकानं आपल्या मर्जीनं बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ च्या जानेवारीत हेच बजावलं, आणि त्याच साली कायद्यात भर पडून अशा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी सोय झाली. वाहन कर्जाची कागदपत्रं माझ्याच टेबलावरून जातात. तेव्हा मामेभावानं "दादा, तू शिकलेला माणूस. करू का?" असं विचारलं, त्या क्षणी "नको" म्हणणं हे माझं काम होतं.

मी म्हणालो, "कर की."

का म्हणालो? खरं सांगायचं तर त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मोडवेना. आणि त्याहून खरं सांगायचं तर, गंमत बघायची होती. दुसऱ्याच्या पैशानं होणारी चूक बघण्यासारखी करमणूक नाही.

काम दीड दिवस चाललं. बोल्ट चौदा वर्षांच्या गंजानं असे धरले होते, की दोन तर कापावेच लागले. मग लाकडी फळीवर जॅक लावून एक बाजू उचलायची, रबरांच्या जागी ठोकळा सरकवायचा, लांब बोल्ट घालायचा, मग दुसरी बाजू. एकूण आठ ठोकळे. बॉडी वर गेली तशी स्टिअरिंगची दांडी तोकडी पडली, गिअरची दांडी आत गेली, डिझेलच्या नळीला ताण आला आणि रेडिएटरवरचं झाकण पंख्याला लागू लागलं. एकजण वर गेला की बाकीच्या सगळ्यांना हात लांब करावे लागतात. बंपर मात्र चासीचा इमानी. तो खालीच राहिला. त्याच्या आणि बॉडीच्या मधल्या फटीतून पलीकडचं दिसत होतं.

गाडी घरी नेली. गावची पोरं गोळा झाली. मामेभाऊ दरवाजाला हात लावून उभा होता, जणू हत्तीवर बसवायला कोणी यायचंय. मामी बाहेर आल्या. पासष्टीच्या, गुडघ्यांनी गांजलेल्या. दर आठवड्याला त्या याच गाडीत पुढं बसून बाजाराला जायच्या. त्यांनी एक हात दरवाजाला लावला, पाय उचलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग पदरानं तोंड पुसलं आणि हसून म्हणाल्या, "जा रं तुम्ही. मला आज काही आणायचंच नव्हतं."

पिशवी त्यांच्या हातातच होती.

परतीच्या एसटीत मला चैन पडेना. नैतिक प्रश्न मोठ्या ग्रंथांत असतात अशी माझी समजूत होती. पण हा चांगला दोन इंचांचा होता, आणि त्यात माझी सही होती. आपल्या उंचीमुळे कुणाचा पाय पोचेनासा होतो, हे उंच होण्याआधी विचारायचं असतं. आम्ही टायर मोजले, दंड मोजला. मामींचा गुडघा कुठल्याच रकान्यात नव्हता.

आणि हसावं कुणाला? मी दोनदा बढती नाकारलीय. बदली नको म्हणून. पण लोकांना सांगताना मी 'मला खुर्चीचा मोह नाही' असं सांगतो. म्हणजे आस होता तिथंच, आणि वर ठोकळे! मामेभावाचे ठोकळे निदान डोळ्यांना दिसत तरी होते.

मी रविवारी गेलो आणि त्याला कलम ५२ सांगितलं. आधी का नाही सांगितलंस, असं त्यानं विचारलं. मी खरं ते सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आई त्या दिवसापासून बाजाराला चालत जाते. मला वाटलं, तिला चालायला आवडायला लागलं."

ठोकळे निघाले. मिस्त्रीनं काढायचेही पैसे घेतले. तेवढे मी दिले. वाटेवरच्या उंचवट्यावर आम्ही दोघांनी एक सकाळ कुदळ चालवली आणि तो खाली आणला. पोट घासायचं थांबलं. हा इलाज तिन्ही प्रकारांत बसत नव्हता, म्हणून मिस्त्रीनं सांगितला नसावा.

आठ ठोकळ्यांपैकी चार मामींच्या पलंगाच्या पायांखाली गेलेत. दोन इंचांनी पलंग वर आल्यापासून त्यांना उठताना कुणाचा हात लागत नाही. पलंगाला कलम ५२ लागू नाही, हे मी या खेपेला आधीच पाहून ठेवलं होतं.