परवान्याचा फेरफार

शेवगावात राहणाऱ्याला पुनर्जन्माबद्दल शंका असू नये. एका बाजूला ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासं, दुसऱ्या बाजूला नाथांचं पैठण. आत्मा जुना देह टाकून नवा घेतो, हे मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलोय. पण संगणकाच्या आत्म्याचं काय, हा प्रश्न मला साठी उलटल्यावर पडला.

झालं असं, की माझा जुना संगणक धापा टाकू लागला आणि 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नेहमीची देखभालही थांबली. म्हणून नवा घेतला, तो रिकामाच. विंडोज मी पूर्वी सुटं विकत घेतलं होतं. पाच-पाच अक्षरांच्या पाच गटांचा तो क्रमांक मी घरपट्टीच्या पावत्यांत जपून ठेवला होता.

दुरुस्तीवाल्या पोरानं समजावलं, ‘‘काका, परवान्याच्या दोन जाती. एक यंत्राबरोबर येतो, यंत्राबरोबरच संपतो. तुमचा सुटा आहे, तो नव्यात नेता येतो. फक्त जुन्यातून काढायचा.’’

इथेच माझ्या नीतिमत्तेला उचकी लागली. जुना संगणक भाच्याला द्यायचा होता. तो तलाठ्याच्या परीक्षेला बसतोय. परवाना जुन्यातही राहू दिला, तर लगेच विचारायला कोण येतंय? शिवाय कंपनी काय गरीब आहे? गोदावरीतून तांब्याभर पाणी घेतलं म्हणून नदी आटते का?

हे तत्त्वज्ञान मी सौभाग्यवतींना ऐकवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘अहो, वरचं शेत विकलंत, फेरफार झाला. मग पेरायला जाता का तिथे?’’

‘‘ते वेगळं!’’

‘‘वेगळं कसं? आणि पोराला आजच ही दीक्षा दिलीत, तर उद्या तो एका गटाचे दोन सातबारे काढील!’’

मी गप्प झालो. खरं सांगायचं, तर मला राग वेगळाच होता. रोख पैसे मोजूनही मी विंडोजचा मालक झालोच नव्हतो. मिळाली होती ती वापरण्याची मुभा, तीही एका वेळी एकाच यंत्रावर. पण अट जाचक वाटणं वेगळं आणि मान्य केलेली अट कोणी बघत नाही म्हणून मोडणं वेगळं. पहिल्याबद्दल भांडता येतं; दुसऱ्याबद्दल फक्त लपता येतं. आणि भाच्यासमोर लपायला माझं घर फार लहान आहे.

परवाना जुन्यातून काढला, नव्यात घातला. जुन्यात त्या पोरानं लिनक्स बसवून दिलं. ते कितीही जणांना वाटा, त्याच्या परवान्यातच तशी मुभा आहे.

भाच्यानं विचारलं, ‘‘मामा, याचा सातबारा कोणाच्या नावावर?’’

म्हटलं, ‘‘गायरान आहे बाबा. खुशाल चर.’’