पाय धुणारा गुरू: ख्रिस्ती नेतृत्वातील सेवकपण

ख्रिस्ती परंपरेत नेतृत्वाचा विचार येशूच्या शेवटच्या भोजनापासून सुरू होतो. योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायानुसार येशू पंगतीतून उठला, अंगावरचे वरचे वस्त्र बाजूला ठेवून त्याने कमरेला रुमाल गुंडाळला आणि एकेका शिष्याचे पाय धुऊन पुसले. धुळीच्या वाटेने आलेल्या पाहुण्याला पाय धुवायला पाणी देण्याचा त्या काळी रिवाज होता. प्रत्यक्ष पाय धुण्याचे काम मात्र गुलामाचे. यहुदी धर्मपंडितांच्या परंपरेत तर हिब्रू गुलामालाही हे काम लावू नये, असे म्हटले आहे. शिष्याने गुरूची सगळी सेवा करावी, पण त्याच्या वहाणेचा बंद सोडू नये, असेही तीच परंपरा सांगते. शिष्याकडूनही ज्याची अपेक्षा नव्हती ते येथे गुरूने केले. पेत्र या शिष्याने आधी पाय पुढे करायला नकार दिला, तो यामुळेच. विश्वासघात करणारा यहूदा इस्कर्योत तेव्हा अजून पंगतीतच होता. त्याला वगळल्याचा कुठेही उल्लेख नाही.

या प्रसंगावरच्या प्रवचनांत एक तपशील बरेचदा निसटतो. पाय धुऊन झाल्यावर येशू पुन्हा आपल्या जागी बसतो आणि शिष्य आपल्याला गुरू व प्रभू म्हणतात ते बरोबरच आहे, असे सांगतो. अधिकार त्याने सोडलेला नाही. तो कोणाच्या कामी यावा, एवढेच बदलले आहे. मार्काच्या शुभवर्तमानात हाच विचार एका भांडणातून येतो. याकोब आणि योहान हे जब्दीचे मुलगे येशूच्या वैभवात त्याच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागतात आणि बाकीचे दहाजण संतापतात. तो संताप नम्रतेपोटी होता असे मानायला फारसा आधार नाही. त्याच जागांवर त्यांचाही डोळा असावा. त्यावर येशू परराष्ट्रीयांच्या सत्ताधीशांचे उदाहरण देतो आणि ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने सर्वांचा सेवक व्हावे, असे बजावतो. लूकने तर मोठेपणाचा हा वाद शेवटच्या भोजनाच्या पंगतीतच घातला आहे.

ही शिकवण रोजच्या कामकाजात कशी उतरवायची, याचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या मठनियमात सापडते. त्यात 73 प्रकरणे आहेत आणि स्वयंपाकघराला त्यांत स्वतंत्र जागा आहे. मठातील बंधूंनी आठवड्याच्या पाळीने स्वयंपाकघरात राबायचे. शनिवारी पाळी संपवणाऱ्याने हातपाय पुसायचे पंचे धुवायचे, भांडी स्वच्छ आणि धड अवस्थेत कोठारप्रमुखाच्या ताब्यात द्यायची आणि पाळी घेणाऱ्याला बरोबर घेऊन सगळ्यांचे पाय धुवायचे. पाहुणा आला की मठाधिपतीने स्वतः त्याच्या हातांवर पाणी घालायचे. महत्त्वाचा निर्णय असेल तेव्हा सगळ्या बंधूंना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकायचे, कारण देव पुष्कळदा वयाने लहान असलेल्याला चांगला मार्ग सुचवतो. अंतिम निर्णय मठाधिपतीचाच, पण हाताखालच्या प्रत्येक जिवाचा हिशेब आपल्याला देवापुढे द्यायचा आहे, हे त्याने विसरायचे नाही.

बेनेडिक्टचे वेगळेपण येथे आहे. त्याने नम्रता वरिष्ठाच्या स्वभावावर सोडली नाही, ती पाळीपत्रकात बांधली. माणूस मनाने गर्विष्ठ असला तरी शनिवारी त्याला पंचे धुवावेच लागतात. नियमात फट नाही असे नव्हे. मठ मोठा असेल तर कोठारप्रमुखाला आणि जास्त महत्त्वाच्या कामात गुंतलेल्यांना स्वयंपाकघरातून सूट आहे. जास्त महत्त्वाचे काम म्हणजे कोणते, हे अर्थातच वरच्यांनीच ठरवायचे.

बेनेडिक्टचे चरित्र लिहिणारा पोप ग्रेगरी पहिला (कारकीर्द 590 ते 604) याने हा विचार मठाबाहेर, धर्मसत्तेच्या शिखरावर नेला. कॉन्स्टँटिनोपलचा धर्मगुरू ‘विश्वव्यापी’ हे बिरुद लावत होता, त्याला ग्रेगरीने कडाडून विरोध केला. अलेक्झांड्रियाच्या धर्मगुरूने पत्रात त्यालाच तसे संबोधले, तेव्हा तो मान त्याने परत केला. स्वतःसाठी त्याने ‘देवाच्या दासांचा दास’ हे बिरुद वापरले. पुढच्या पोपांनी ते कायम केले. राजांना पदच्युत करण्याची भाषा बोलणाऱ्या मध्ययुगीन पोपांच्या फर्मानांच्या मथळ्यावरही ते दिसते. बिरुद टिकले, त्यामागची वृत्ती दर पिढीत तेवढीच टिकली असे म्हणवत नाही.

पाय धुण्याच्या विधीचेही असेच झाले. इंग्लंडचे राजे शेवटच्या भोजनाच्या स्मरणाच्या दिवशी, पवित्र गुरुवारी, गरिबांचे पाय धूत. सोळाव्या शतकात राणी एलिझाबेथ पहिली हिच्यासमोर बसवलेल्या गरीब स्त्रियांचे पाय आधी राजवाड्यातील धुलाईखात्याचे लोक कोमट, सुगंधी पाण्याने धूत, मग दानखात्याचे अधिकारी आणि सर्वांत शेवटी राणी. तिच्या वाट्याला मळ येणार नाही, याचा पक्का बंदोबस्त होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस राजांनी पाय धुणेही सोडले. आता त्या दिवशी खास पाडलेली नाणी वाटतात. कॅथलिक उपासनेत हा विधी टिकला, पण नियमाप्रमाणे पाय पुरुषांचेच धुतले जात. 28 मार्च 2013 रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील कासाल देल मार्मो या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात बारा मुलामुलींचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या आणि त्यांपैकी एक मुस्लिम होती. स्त्रियांना या विधीत घेण्याची अधिकृत मुभा मात्र जानेवारी 2016 मध्ये मिळाली. कृती आधी झाली आणि नियम मागून आला.

सेवकपणाच्या या आदर्शावर एक गंभीर आक्षेप आहे. नम्रतेचा उपदेश ज्यांच्या हाती आधीच काही नाही त्यांनाच ऐकवला जातो: गुलामांना, स्त्रियांना, कनिष्ठ सेवकांना. आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर मूळ प्रसंगातच आहे. येशूची आज्ञा ज्यांना उद्या मंडळीचे पुढारी व्हायचे होते त्यांना दिलेली आहे. राबणाऱ्याला आणखी वाक म्हणून सांगण्यासाठी हा अध्याय वापरणे म्हणजे तो उलटा वाचणे होय.

पुढाऱ्यानेच खाली उतरण्याचा असा प्रयत्न मराठी ख्रिस्ती समाजातही झाला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सर्वांसाठी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारला. पण तो त्यांच्या व्यक्तिमत्त्वावर उभा होता, आणि दोन वर्षांच्या आत, मे 1919 मध्ये, ते वारले.

अमेरिकेतील आमिश या ख्रिस्ती पंथाने व्यक्तिमत्त्वाला वावच ठेवलेला नाही. तेथे प्रभुभोजनानंतर लोक जोडीजोडीने एकमेकांचे पाय धुतात, म्हणजे धर्मसेवकालाही आपले पाय दुसऱ्याच्या हाती द्यावे लागतात. पेत्राला अवघड गेले ते हेच. धर्मसेवकाची निवड चिठ्ठीने होते. मंडळीतील स्त्री-पुरुष नावे सुचवतात. पुरेशी मते मिळालेल्या पुरुषांसमोर सारखी दिसणारी गीतपुस्तके मांडतात, आणि ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघते तो जन्मभरासाठी, बिनपगारी धर्मसेवक होतो. पदाची इच्छा बोलून दाखवणे हीच तेथे अपात्रता समजली जाते. मात्र नाव सुचवणाऱ्या स्त्रियांचे स्वतःचे नाव त्या पुस्तकांपर्यंत कधी पोहोचत नाही, आणि चिठ्ठीने निवडलेले हेच धर्मसेवक नियम मोडणाऱ्याला वाळीत टाकण्याचा ठरावही मंडळीपुढे मांडतात.