न समजलेल्या देवावर भरवसा

माधवनगरहून मिरजेला जाताना सांगली, विश्रामबाग आणि मग वानलेसवाडी लागते. एका कॅनेडियन डॉक्टरचं नाव मराठी वाडीला असं चिकटलं आहे की ते परकं वाटतच नाही. विल्यम वानलेस १८८९ मध्ये या भागात आले, १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं रुग्णालय उभं राहिलं. आमच्याकडची जुनी माणसं आजही त्याला मिशन हॉस्पिटलच म्हणतात. १९२१ च्या जुलैत याच मिरजेत मनोरमाबाई वारल्या. पंडिता रमाबाईंची ती एकुलती एक मुलगी, वय अवघं चाळीस. आईनंतर केडगावच्या मुक्ती मिशनचा भार तीच उचलणार असं सगळे धरून चालले होते. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या.

त्यांचा देवावरचा भरवसा त्या दिवशी कशाच्या आधारावर टिकला असेल? ‘त्यांची श्रद्धा अढळ होती’ असं सांगून मोकळं होता येतं. चर्चमधल्या भाषणांत तसं सांगतातही. पण ते खरं नाही. रमाबाईंची श्रद्धा ढळत, भांडत, खोदून खोदून विचारत तिथवर पोचली होती, आणि त्यांच्या आधीही हा प्रश्न एका मराठी माणसाने अंगावर घेतलेला होता.

तो माणूस म्हणजे नीळकंठशास्त्री गोरे. जन्म १८२५ चा, चित्पावन घराणं, विद्या काशीची. जॉन म्युर या स्कॉटिश अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ नावाच्या संस्कृत ग्रंथात ख्रिस्ती धर्माची बाजू बुद्धिवादाने मांडली. त्याला उत्तर म्हणून गोऱ्यांनी १८४४-४५ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. त्यातला त्यांचा पवित्रा असा की माणसाची बुद्धी तोकडी आहे, शास्त्राचा न्याय तिने करायचा नसतो. श्रद्धा आधी, तर्क तिच्या मागून. आज ख्रिस्ती व्यासपीठावरून हमखास ऐकू येणारा हा युक्तिवाद गोऱ्यांनी ख्रिस्ती धर्माविरुद्ध वापरला होता! पुढे १८४८ मध्ये त्यांचा स्वतःचाच बाप्तिस्मा झाला आणि ते नेहेम्या गोरे झाले.

हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. बुद्धीला मर्यादा आहे हे विधान कुठल्याही ग्रंथाच्या, कुठल्याही बुवाच्या कामी येतं. त्यातून एवढंच कळतं की आपल्याला सगळं कळत नाही. कुणावर विसंबायचं ते त्यातून ठरत नाही. गोऱ्यांना हे बहुधा आतून जाणवत असावं, कारण पुढे षड्दर्शनांची धारदार चिकित्सा करणाऱ्या या पंडिताला स्वतःच्या नव्या श्रद्धेबद्दलच्या शंकांनी अखेरपर्यंत छळलं. तरी त्यांनी ख्रिस्ताची वाट सोडली नाही. शंका आणि निष्ठा एकाच माणसात जन्मभर नांदल्या.

गोऱ्यांच्या लिखाणाचा रमाबाईंवर परिणाम झाला, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज इथं त्यांचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना वाटलं, आता प्रश्न मिटले. ते तर तिथूनच सुरू झाले. त्रैक्य म्हणजे नेमकं काय? येशूचं देवत्व कुठल्या अर्थाने? चमत्कार जसेच्या तसे मानायचे का? चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशीही त्यांचा या विषयांवर पत्रव्यवहार चालू होता. जेराल्डिनबाईंना हा गर्व वाटला. नवख्या शिष्येने चर्चचं ऐकावं, एवढंच त्यांचं सांगणं. रमाबाईंनी उलट कळवलं की भटभिक्षुकांचं जोखड आत्ता कुठे मानेवरून उतरवलंय, लगेच दुसरं चढवून घेणार नाही. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन मजकूर हवा, यालाही त्यांनी हरकत घेतली. आपल्याला न येणाऱ्या भाषेचं एवढं पावित्र्य कशाला? ही सगळी पत्रं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली छापली. मराठी ख्रिस्ती घरांत ती फारशी दिसत नाहीत, याचं वाईट वाटतं.

या भांडणात जेराल्डिनबाईंचं निम्मं बरोबर होतं. देव माणसाच्या डोक्यात मावत नाही, हे ख्रिस्ती परंपरेने पहिल्यापासून मानलं आहे. ज्याचं पुरतं आकलन झालं तो देवच नसणार, असं ऑगस्टीनने पाचव्या शतकात बजावून ठेवलंय. पण देव अगम्य आहे म्हणून अमक्या माणसाचं मुकाट ऐका, ही उडी कशाच्या जोरावर? देवाचं गूढ ही कुणाच्या अधिकाराची सनद होऊ शकत नाही. रमाबाईंनी हा फरक ओळखला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही.

१८९१ च्या सुमारास त्यांच्यात बदल झाला. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडायचा होता. त्रैक्याचं कोडं सुटलं म्हणून हे घडलं नाही. सिद्धान्तावरची नजर निघून ती एका व्यक्तीवर गेली, असं मी ते वाचतो. आई, वडील आणि बहीण दुष्काळात उपाशीपोटी गेलेली, भाऊ १८८० मध्ये, नवरा १८८२ मध्ये. चोविशीच्या आत एवढे मृत्यू पाहिलेल्या बाईला देवाच्या कारभाराचा खुलासा कुणीच दिला नव्हता. तो नंतरही मिळाला नाही. सोबत मिळाली, असं त्यांचं म्हणणं.

आणि या भरवशाने त्यांना हात जोडून बसवलं नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली गोळा करून आणल्या. पुण्याच्या प्लेगमध्ये सरकारी दवाखान्यात बायकांची जी परवड चालली होती, तिच्याविरुद्ध त्यांनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिलं. ‘देवाची इच्छा’ म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. केडगावला पाण्यासाठी प्रार्थना केली आणि विहिरीही खणल्या. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायला घेतलं. आकलनाला मर्यादा आहे असं मानणाऱ्या बाईने आयुष्याची अखेरची वर्षं लोकांचं आकलन वाढवण्यात घालवली.

महाराष्ट्रात हे नवलाचं वाटू नये. विठ्ठलाशी कडाकडा भांडणाऱ्या तुकोबांना कुणी अश्रद्ध म्हणत नाही, आणि ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या मार्गाने ख्रिस्तापाशी आलो असं मानत. मग शंका विचारणाऱ्या तरुणाला आपल्या मंडळ्या ‘विश्वासात कच्चा’ का ठरवतात, ते मला कळत नाही.

मनोरमा गेल्यावर रमाबाईंच्या मनात काय चाललं होतं ते त्यांच्या तोंडी घालण्याचा मला अधिकार नाही. भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही, एवढं दिसतं. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या आणि १९२४ मध्ये त्यांचं बायबल छापून बाहेर आलं. मुलीच्या मृत्यूची ही भरपाई होती असं कुणी म्हणेल, तर मी ते मानणार नाही. असा हिशोब ईयोबाच्या मित्रांनी मांडला होता. अलीफज, बिल्दद आणि सोफर यांनी दुःखाची कारणं पटापट सांगितली. ईयोबाने देवालाच जाब विचारला. पुस्तकाच्या शेवटी देव ईयोबाला एकही कारण सांगत नाही. पण रागावतो तो मित्रांवर, आणि आपल्याविषयी नीट बोलला तो ईयोबच, असा निवाडा देतो.

‘देवाची इच्छा’ हे शब्द ज्याचं माणूस गेलं त्याने उच्चारले तर त्यांना वजन असतं. सांत्वनाला आलेल्याने ते उच्चारू नयेत. ईयोबाचे मित्रही पहिले सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते. पुढच्या वेळी कुणाकडे भेटायला जाल, तेव्हा तेवढं केलंत तरी पुरे.