खरखर

शिकायला वय आड येत नाही, असं मला आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं ते सगळे पंचविशीच्या आतले होते. माझा भाचा त्यांतलाच. "मामा, एकदम सोप्पं आहे," असं तो म्हणाला की मी हल्ली खुर्चीचे हात घट्ट धरून बसतो. मोबाइलवरून विजेचं बिल भरणं असंच एकदम सोप्पं होतं. त्या महिन्यात मी शेजाऱ्यांचं बिल भरलं.

या खेपेचं सोप्पं म्हणजे ध्वनिमुद्रणाची साफसफाई. निमित्त आईच्या कॅसेटचं. १९८१ साली आमच्या काकांनी कुवेतहून टू-इन-वन आणला आणि एका दुपारी माजघरात आईला समोर बसवून जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावल्या. ओव्या तिला तिच्या आजीकडून आलेल्या. आता त्या सबंध कोणालाच येत नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांत आईच्या कुठे असतीलही. पण आईचा आवाज असलेली जागा जगात एकच, ती ही कॅसेट.

कॅसेट साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस. आई गाते अकरा मिनिटं. बाराव्या मिनिटाच्या तोंडाशी, ओवी अर्धी असताना मागून एक पुरुषी आवाज येतो, "पुरे आता!" आई म्हणते, "बरं." खट्. पुढे दोन्ही बाजूंना नुसती खरखर.

हा आवाज नानांचा, हे आमच्या घरात कोणाला सांगावं लागलं नाही. नाना मुळात तापट. रेडिओवरच्या बातम्यांनाही ते मध्येच "पुरे" म्हणत. ताई तेव्हा नागपूरला दिल्या घरी होती. दिवाळीला आली, टेप ऐकली आणि तिनं नानांना तोंडावर विचारलं, "आईला एक दिवस गाऊ दिलं असतं तर काय बिघडलं असतं?" नाना म्हणाले, "मी असं म्हणालो?" आणि मग गप्प बसले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जाऊ दे गं. टेप संपतच आली होती." टेप एकोणीस मिनिटं शिल्लक होती. असो. नाना १९९४ मध्ये गेले, आई २००३ मध्ये. खटला मात्र चालूच राहिला. दर गणपतीत आम्ही भावंडं जमलो की कोणीतरी ती टेप काढायचं आणि नानांना पुन्हा एकदा दोषी ठरवायचं. त्यात मी सरकारी वकील.

तर भाच्यानं कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी नावाचा प्रोग्रॅम घालून दिला. २००० सालापासून हा फुकट मिळतो. नावाचा अर्थ मी शब्दकोशात पाहिला. धाडस असा आहे, आणि पुढे स्वल्पविराम देऊन आगाऊपणा असाही आहे. टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला जोडली आणि पडद्यावर आई दिसू लागली. म्हणजे एक निळा, केसाळ सुरवंट सरकू लागला. भाचा म्हणाला, या सुरवंटात सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात. मी जन्मभर बँकेत नोंदीच केल्या, पण हा आकडा ऐकून हात जोडले.

खरखर काढायची युक्ती मोठी मजेशीर आहे. आधी प्रोग्रॅमला नुसती खरखर ऐकवायची. आई सुरू करण्यापूर्वीचे चार सेकंद आहेत, त्यात टेबलफॅन आहे आणि टेपची सुरसुर आहे. तेवढेच निवडून द्यायचे, म्हणजे पोलिसांना चोराचा फोटो द्यावा तसं. मग सबंध टेप पुढे करायची. हा इसम दिसेल तिथे त्याला दाबायचं, अशी आज्ञा. किती दाबायचं हे ठरवायला खाली दांड्या असतात. माणसाच्या हातात दांडी आली की तो ती शेवटपर्यंत ओढतो. मीही ओढली. फॅन थांबला, सुरसुर थांबली आणि आई विहिरीच्या तळाशी हंड्यात तोंड घालून गाऊ लागली.

तेव्हा भाच्यानं आणखी एक बटण दाखवलं. ते दाबलं की साफ झालेला आवाज ऐकू येत नाही, जे काढून टाकलं जाणार तेवढंच ऐकू येतं. ही सोय कोणी काढली त्याला साष्टांग नमस्कार. आपण काय काय केर म्हणून फेकतो आहोत ते फेकण्याआधी ऐकायला मिळावं, अशी सोय घरात असती तर माझी जुनी पत्रं रद्दीत गेली नसती. मी ऐकलं. फॅन होता, सुरसुर होती, आणि त्या केरात आईचे श्वास होते. आईचे 'स' आणि 'श' होते. या अक्षरांचा आवाजच मुळी सुरसुरीच्या जातीचा, त्यामुळे चोराबरोबर तीही पकडली गेली. जात्यावरच्या ओव्यांत सासू, सासर, शेजी यांच्यावाचून पान हलत नाही. मी दांडी आणखी थोडी ओढली असती तर आईच्या ओवीतून सासरच नाहीसं झालं असतं. ते कदाचित तिला आवडलंही असतं.

दांडी निम्म्यावर आणली. भाचा म्हणाला, "मामा, नानाआजोबांचं ते वाक्यही काढून टाकू या का? दोन मिनिटांचं काम. एवढं पाहिजे ते शब्द कापायचे आणि त्या जागी शेजारची शांतता चिकटवायची." ऐकून माझ्या अंगात व्याख्याता संचारला. मी म्हटलं, "अजिबात नाही! घडलेलं घडलेलं असतं. गौहरजाननं १९०२ साली कलकत्त्याला रेकॉर्ड दिली तेव्हा गाणं संपल्यावर इंग्रजीतून स्वतःचं नाव सांगितलं. रेकॉर्डी जर्मनीत निघायच्या, तिथल्या लोकांना गाणं कोणाचं ते कळावं म्हणून. तू असतास तर फापटपसारा म्हणून तेच आधी कापलं असतंस, आणि आज लोकांना गाण्याइतकं तेच आठवतं." भाचा म्हणाला, "जॉन लेननची घरगुती कॅसेट होती. १९९५ मध्ये उरलेल्या तिघांनी तिच्यावर खटपट केली आणि सोडून दिली. मग यंत्रानं पियानो बाजूला काढून नुसता आवाज मोकळा केला आणि २०२३ मध्ये गाणं बाहेर आलं. त्यानं काय इतिहास बुडाला?" मी म्हटलं, "लेननच्या टेपमध्ये पियानो होता. आमच्या टेपमध्ये नाना आहेत." हे वाक्य मला बरं जमलं असं वाटून मी चहा मागवला.

भाचा गेल्यावर मी एकटाच पुढच्या धड्याकडे वळलो. कॉम्प्रेसर. तोवर माझ्या समजुतीप्रमाणे ही वस्तू फ्रिजमध्ये असे. आवाजातला कॉम्प्रेसर मोठ्यानं बोलणाऱ्याला खाली बसवतो, आणि मग सगळ्यांनाच सारखं वर उचललं की हळू बोलणाराही ऐकू येतो. एकत्र कुटुंबात हे काम आमची आजी करी. मी तो लावला आणि हेडफोन घालून शेवटच्या मिनिटाला आलो. फॅन आता जवळजवळ नव्हता. आई गात होती. "पुरे आता!" आणि त्यानंतर, आजवर फॅनखाली झाकलेलं, कोणीतरी पाठ फिरवून आत जाता जाता पुटपुटलेलं, "उद्या पेपर आहे माझा."

नानांचा १९८१ साली कसलाही पेपर नव्हता.

मी ते अठरा वेळा ऐकलं. दुसऱ्या दिवशी ऑडिटिंगचा पेपर होता. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. बापलेकांचे आवाज सारखे असतात, हे फोनवर लोक मला नाना समजत तेव्हापासून ठाऊक होतं. मला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. आईला मात्र आठवत असणार. "टेप संपतच आली होती" हे ती कोणाला वाचवायला म्हणाली, ते मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

आणि मग, लाज वाटते पण सांगतो, माझ्या डोक्यात भराभर विचार येऊ लागले ते सगळे तांत्रिक. आईच्या ध्वनिमुद्रणात परक्या आवाजाचं काय काम? भाचा म्हणत होता ते अगदीच टाकाऊ नव्हतं. किंवा कापायलाही नको, कारण कापणं म्हणजे लबाडी. नुसती दांडी मागे न्यायची, फॅन परत सुरू करायचा. मूळ टेप आहे तशी, कुठेही हात न लावलेली, ताईला द्यायची. घडलेलं घडलेलं असतं! दुपारी दिलेलं माझं व्याख्यान जसंच्या तसं माझ्या उपयोगी पडत होतं. फक्त अडचण अशी, की ती हात न लावलेली, अस्सल टेपच नानांवर खोटं बोलत होती, आणि ढवळाढवळ केलेली खरं. ऑडिटिंगच्या पुस्तकात वगळण्याच्या चुका असं एक प्रकरण असतं. ते मी त्या रात्री बहुधा वाचलंच असणार. त्यासाठीच तर आईला गप्प केलं होतं.

दांडी मागे नेली. पुन्हा पुढे आणली. या प्रोग्रॅममध्ये केलेलं सगळं पाऊल पाऊल मागे घेता येतं, पण एकदा बंद केला की मागे जायची वाट मोडते. बंद करताना तो विचारतो, बदल जतन करायचे का? हो, नाही, रद्द. मी तीनदा रद्द केलं. कॉम्प्युटर सहा दिवस चालू ठेवला. सौ. म्हणाली, "बंद कर की तो, या महिन्याचं बिल आपल्यालाच भरायचं आहे."

सातव्या दिवशी ताईचा फोन आला. "झालं का रे आईचं?"

"झालं जवळजवळ."

"हे बघ, मी काय म्हणते," ताई म्हणाली, "ते नानांचं वाक्य काढूनच टाक. आता त्यांना जाऊन किती वर्षं झाली. मुलांनी कशाला ऐकायचं ते? मी सोडलं सगळं."

असा सुटकेचा आयता हुकूम आयुष्यात एकदाच मिळतो. मी थोडा वेळ गप्प बसलो. मग म्हटलं, "ताई, एक मिनिट फोन कानाला लावून ठेव." हेडफोनची वायर काढली, आवाज मोठा केला आणि मोबाइल स्पीकरसमोर धरला. आई गायली. मग तो आवाज आला. मग पुटपुटणं. मग "बरं." खट्.

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. फोन तुटला असं वाटून मी "हॅलो, हॅलो" केलं.

"आहे मी," ताई म्हणाली. "ऑडिटिंगचा ना तो पेपर?"

"हो."

"किती पडले होते?"

"छत्तीस," मी म्हटलं.