भार कोणावर आहे?

ओहायोत माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी ते आपला कॅम्पर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर, ड्राइव्हवेवर आणून लावतात आणि आतला फ्रिज सुरू करतात. तो गॅसवरही चालणारा, बिनकॉम्प्रेसरचा फ्रिज आहे. त्यात अमोनियाचं द्रावण गुरुत्वाकर्षणाने वाहतं. कॅम्पर फार कलता राहिला तर ते अडतं आणि फ्रिज कायमचा बिघडू शकतो. ड्राइव्हवे मात्र मुद्दाम उतरता बांधलेला, पावसाचं पाणी रस्त्याकडे जावं म्हणून.

या जूनमध्ये मी मदतीला गेलो. आधी उजवी चाकं फळ्यांवर चढवली. घरंगळू नयेत म्हणून उटी लावली, ट्रक सोडवला, पुढच्या जॅकने नाक वर उचललं. पाणसळीतला बुडबुडा मधे आला. मग चार कोपऱ्यांतले पाय खाली सोडायचं काम माझ्याकडे आलं. मी जोरात हँडल फिरवायला लागलो, तर त्यांनी थांबवलं. या पायांनी उचलायचं नसतं, म्हणाले. भार चाकांवर आणि जॅकवर असतो. पाय फक्त हलणं थांबवतात. उचलायला गेलास तर वाकतील.

घरी आलो तरी हे वाक्य डोक्यातून जाईना.

दोन वर्षांपूर्वी सांगलीत बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. मी फिजिओथेरपिस्टचे पैसे देतो, व्हीलचेअर मागवली, दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. बाबांना पलंगावरून खुर्चीत ताई उचलते. रोज. नातेवाईक म्हणतात, ‘पोरानं तिकडे राहून सगळं सांभाळलं.’ मी ते कधी खोडून काढलं नाही.

पैसा म्हणजे भार नाही का? माझ्या मनाने लगेच वकिली केली. म्हणून मी एक साधी चाचणी घेतली. मी नसेन तर काय होईल? घर हलेल, ओढाताण होईल. ताई नसेल तर? त्याच दिवशी घर एका बाजूला कलंडेल. हलणं थांबवणारा पाय निरुपयोगी नसतो. तो नसेल तर आतल्या माणसाला झोप लागत नाही. पण त्याने ‘मी उचललंय’ म्हणणं खोटं आहे. दूर राहणं हा कदाचित गुन्हा नसेल. दुसऱ्याने उचललेल्या वजनाचं श्रेय गप्प राहून घेणं हा मात्र नक्कीच आहे.

त्या रविवारी मी ‘काही लागलं तर सांग’ म्हणालो नाही. म्हणालो, ‘ताई, डिसेंबरात तीन आठवडे येतो. तू कुठेतरी जाऊन ये.’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘रात्री दोनला उठशील?’

‘उठेन.’

तीन आठवड्यांनी मी परत कोपऱ्यातला पायच होणार, हे मला माहीत आहे. पण आता कोणी कौतुक केलं, की मी सांगतो: भार ताईवर आहे.